ऋण कोणाचें, हमी कोणाला?

आपल्या घरांतून ‘कर्ज’ हा शब्द अजूनहि दबल्या आवाजांत उच्चारला जातो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांविषयीं आपण मोठ्या अभिमानानें बोलतों. चौथें ऋण, म्हणजे पेढीचें, तेवढें मुलासुनांच्या कानांवर जाऊं नये अशी वडीलधाऱ्यांची खटपट असते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण पगारदार कुटुंबाला शोभणारी आहे. महिन्याच्या महिन्याला ठराविक रक्कम ज्याच्या हातीं येते त्याला आपलें अंथरूण केवढें हें ठाऊक असतें. परंतु ज्याचा धंदा आज चालू आहे आणि उद्यां साथीच्या भीतीनें बंद होणार आहे, त्यानें कोणतें अंथरूण पाहावें?

हा प्रश्न आतां परक्यांचा राहिलेला नाहीं. आपल्यापैकीं अनेक घरांत एखादी सून दिवाळीच्या फराळाची मागणी घेते, एखादा धाकटा भाऊ छापखाना चालवितो, एखादा पुतण्या नोकरी सोडून उपाहारगृह काढतो. २०२० सालापासून अशा लहान धंद्यांसाठीं सरकारनें आपल्या हमीवर कर्जें मोकळीं केलीं आणि नियम वरचेवर बदलून, पूर्वीं थोडें मिळालें असेल तर आतां अधिक मागा, अशी मुभा दिली. ही मुभा काय आहे, ती कोणाच्या वांट्याला आली, आणि ती घेण्यापूर्वीं घरांतल्या कर्त्या माणसांनीं कोणता हिशेब करावा, एवढें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्यामध्यें चिंचपोकळीचें स्थानक लागतें. तेथून लालबागच्या दिशेनें निघालें कीं, मुंबईचा लहान धंदा कसा असतो हें पायीं चालतां चालतां समजतें. मिरची भाजून मसाला कुटून देणारीं दुकानें, चिवड्याच्या भट्ट्या, फुलें व भाजी विकणाऱ्या बायका, गणेशमूर्तींच्या कार्यशाळा, आणि गिरण्यांच्या काळाची आठवण सांगणाऱ्या खाणावळी. येथील सार्वजनिक गणेशोत्सव १९२० पासूनचा. शेजारच्या लालबागचा १९३४ पासूनचा. या वस्तीचें वर्ष पंचांगावर चालतें. वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखांत कुटावयाचा, मूर्तींची माती पावसाळ्याच्या आधीं भरावयाची, फराळाचें सामान नवरात्रांत घ्यावयाचें. पैसा आधीं घालावयाचा आणि मोसम आला म्हणजे काढावयाचा, हा येथला साधा नियम.

२०२० सालीं गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशीं. म्हणजे ज्या आठवड्यांत मिरचीचीं पोतीं दुकानांत येऊन पडावयाचीं त्याच आठवड्यांत दुकानाला कुलूप लागलें. पुढें गणेशोत्सव आला, तर सार्वजनिक मूर्ति चार फुटांहून आणि घरगुती मूर्ति दोन फुटांहून उंच नसावी, असा राज्य सरकारचा दंडक झाला. लालबागच्या मंडळानें त्या वर्षीं मूर्ति न बसवितां आरोग्योत्सव केला. निर्णय योग्यच होता. पण उंच मूर्तींवर ज्या कारागिरांचें वर्ष अवलंबून असतें त्यांचें त्या वर्षाचें गणित पुसलें गेलें. धंदा बुडतो तो पुष्कळदां धंदेवाल्याच्या आळसानें नव्हे. मोसम हुकल्यानें बुडतो. अशा वेळीं पैसा हवा असतो तो चैनीसाठीं नव्हे, पुढच्या मोसमापर्यंत तग धरण्यासाठीं.

संकटांत सरकारनें कर्ज द्यावें ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. ‘तगाई’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला परिचित होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर जमीनसुधारणेच्या कर्जांचा कायदा १८८३ मध्यें आणि शेतकऱ्यांच्या कर्जांचा कायदा १८८४ मध्यें झाला. बीं-बियाणें, बैल आणि विहिरी यांकरितां सरकारी तिजोरींतून कर्जें मिळूं लागलीं. परंतु तगाई शेतकऱ्याला होती. शहरांतील खाणावळवालीला तगाई देणारें कोणी नव्हतें. तिला होता तो सावकार आणि त्याचें पठाणी व्याज.

गिरणगांवांत ही कोंडी फोडण्याचें काम १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं केलें. त्यांनीं स्थापन केलेलें अन्नपूर्णा महिला मंडळ हें खाणावळी चालविणाऱ्या बायकांचें मंडळ. कोंकणांतून व घाटावरून आलेला गिरणीकामगार एकटा राही. त्याला दोन वेळचा डबा घालणारी बाई आपल्या एका खोलींत चूल पेटवी, पैसे मिळत ते महिन्याअखेर, आणि धान्य मात्र आज उधारीवर आणावें लागे. १९६९ च्या जुलै महिन्यांत चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालेलें होतें, तरी या बाईनें बँकेचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. मंडळानें अशा बायकांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकेकडून लहान कर्जें मिळवून दिलीं. पुढें १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणाऱ्यांचे हातच रिकामे झाले, तेव्हां एकट्या-दुकट्या बाईपेक्षां मंडळाची बाई अधिक टिकणार हें उघड होतें. प्रेमाताईंना २००२ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: ज्याला कर्ज मिळूं शकत नाहीं त्याची पत नसते असें नाहीं, पुष्कळदां त्याची पत लिहून ठेवणारें कोणी नसतें.

हें वाक्य ध्यानांत ठेवून २०२० सालच्या योजनेकडे पाहावें. त्या वर्षींच्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें आपत्कालीन कर्जहमीची योजना जाहीर केली. तिची एकूण मर्यादा तीन लाख कोटी रुपयांची होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं धंदेवाल्याच्या नांवें बँकेचें जेवढें कर्ज उभें असेल त्याच्या २० टक्क्यांपर्यंत आणखी रक्कम त्याला द्यावी. तिची संपूर्ण हमी सरकारी हमी कंपनीनें घ्यावी. नवें तारण मागूं नये. हमीचें शुल्क घेऊं नये. बँकेनें व्याज ९.२५ टक्क्यांहून अधिक लावूं नये. मुदत चार वर्षें असावी आणि पहिल्या वर्षीं मुद्दल न घेतां नुसतें व्याज घ्यावें, अशी तिची रचना होती. प्रथम २५ कोटींपर्यंतचें कर्ज आणि १०० कोटींपर्यंतची वार्षिक उलाढाल असलेल्यांनाच ती खुली होती. १ ऑगस्ट २०२० ला या मर्यादा वाढून अनुक्रमें ५० कोटी आणि २५० कोटी झाल्या, आणि व्यवसायासाठीं स्वतःच्या नांवें कर्ज घेतलेले वैद्य, वकील, हिशेबनीस यांसारखे लोकहि त्यांत आले.

त्यानंतर नियम पायरीपायरीनें सैल होत गेले. मार्च २०२१ मध्यें उपाहारगृहें, प्रवास आणि करमणूक या धंद्यांसाठीं २० टक्क्यांचे ४० टक्के झाले, मुदत सहा वर्षांची झाली आणि मुद्दल न देण्याची सवलत दोन वर्षांची. त्याच वर्षीं पुढें, ज्यांनीं पहिल्या टप्प्यांत कर्ज घेतलें होतें त्यांस आणखी १० टक्के मागण्याची परवानगी मिळाली. २०२२ मध्यें उपाहारगृहें इत्यादींची मर्यादा ५० टक्क्यांवर गेली आणि योजनेची एकूण रक्कम पांच लाख कोटींवर. ३१ मार्च २०२३ ला ती योजना संपली.

आतां या योजनेचा पाया पाहा. ‘उभ्या कर्जाच्या इतके टक्के’ हा तो पाया. ज्याचें कर्ज दहा लाखांचें होतें त्याला दोन लाख; ज्याचें दहा कोटींचें त्याला दोन कोटी; आणि ज्यानें बँकेचें कर्ज कधीं घेतलेंच नव्हतें त्याला शून्याचे वीस टक्के. ऋण न काढतां काटकसरीनें धंदा चालविणें हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. या नियमापुढें तोच सद्गुण अपात्रता ठरला. मर्यादा वीसची चाळीस झाली काय आणि पन्नास झाली काय, शून्याला कितीनेंहि गुणलें तरी शून्यच.

ही उणीव भरून काढावयास दुसरी योजना आली ती रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठीं. जून २०२० मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधि योजनेनें विनातारण १०,००० रुपयांचें कर्ज देऊं केलें. तें वेळेवर फेडलें तर २०,०००, आणि तेंहि फेडलें तर ५०,०००. वेळेवर हप्ते भरणाऱ्याच्या खात्यांत ७ टक्के व्याजाची सवलत जमा होते. २७ ऑगस्ट २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें या योजनेचे नियम बदलले: पहिलें कर्ज १५,०००, दुसरें २५,०००, तिसरें पूर्वींप्रमाणेंच ५०,०००, कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत, आणि दुसरें कर्ज फेडणाऱ्यास रुपे पतपत्राची सोय. येथें पाया निराळा आहे. तुझें पूर्वींचें कर्ज केवढें, असें ही योजना विचारीत नाहीं. दिलेलें परत केलेंस काय, एवढेंच विचारते. पूर्वीं ज्याची पत लिहून ठेवणारें कोणी नव्हतें त्याची वही या पहिल्या दहा हजारांनीं उघडली. एक अडसर मात्र येथेंहि आहे. विक्रेता म्हणून महापालिकेचें ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतें, आणि वर्षानुवर्षें पदपथावर बसणाऱ्या बाईच्या हातांत कागद असतोच असें नाहीं.

याहून वरच्या पायरीवरहि असेच बदल झालेले आहेत. मुद्रा योजनेची १० लाखांची मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पानें २० लाखांवर नेली. पण ती केवळ पूर्वींचें ‘तरुण’ वर्गाचें कर्ज फेडलेल्यांसाठीं. लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सरकारी विश्वस्त निधीची मर्यादा २०२३ मध्यें २ कोटींची ५ कोटी आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. दारें अशीं मोठीं होत चाललीं आहेत. म्हणूनच आंत पाऊल टाकण्यापूर्वीं एक गैरसमज दूर केला पाहिजे.

‘सरकारी हमी’ हे शब्द ऐकले कीं अनेकांना वाटतें, आपण बुडालों तर सरकार भरील. भरील हें खरें. पण भरील तें बँकेला. हमी सावकाराची असते, ऋणकोची नव्हे. कर्ज थकलें तर हमी कंपनी बँकेचें नुकसान भरून देते. परंतु ऋणको त्यामुळें मोकळा होत नाहीं. वसुली चालूच राहते, वसूल झालेली रक्कम हमी देणाराकडे जाते, आणि ऋणकोच्या नांवापुढें थकबाकीचा शेरा पडतो तो पुढच्या प्रत्येक पेढींत त्याच्याआधीं जाऊन बसतो. ‘नवें तारण नको’ याचाहि अर्थ नीट घ्यावा. आपत्कालीन योजनेंतील मोठ्या कर्जांत, पूर्वीं गहाण असलेल्या मालमत्तेवरच दुसरा बोजा चढत असे. नवी वस्तु द्यावी लागली नाहीं. जुनी मात्र अधिक गुंतली.

दुसरा गैरसमज रकमेचा. एक उदाहरण घेऊं. समजा, एका लहान उपाहारगृहाचें २९ फेब्रुवारी २०२० रोजीं दहा लाखांचें कर्ज होतें. पहिल्या नियमानें त्याला दोन लाख मिळाले असते. सव्वानऊ टक्क्यांनीं पहिलें वर्ष महिना सुमारें १,५४० रुपये व्याज, आणि पुढें तीन वर्षें महिना सुमारें ६,३८० रुपये हप्ता. एकूण व्याज साधारण ४८,००० रुपये. २०२१ च्या नियमानें त्याला एकंदर चार लाख मिळूं शकत होते. व्याजाचा दर तोच धरला तर दोन वर्षें महिना सुमारें ३,०८० रुपये व्याज, नंतर चार वर्षें महिना सुमारें १०,००० रुपये हप्ता. आणि एकूण व्याज सुमारें १,५४,००० रुपये. कर्ज दुप्पट झालें, हप्ता दीडपटीहून थोडा अधिक झाला, आणि व्याज तिपटीच्या वर गेलें. मुदत वाढली म्हणून हप्ता हलका वाटतो. तो हलकेपणा विकत घेतलेला असतो.

स्वनिधीच्या पायऱ्या याच दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. मूळ नियमांप्रमाणें १०,००० बारा महिन्यांत, २०,००० अठरा महिन्यांत आणि ५०,००० छत्तीस महिन्यांत फेडावयाचे. म्हणजे मुद्दलाचा महिन्याचा भार अनुक्रमें सुमारें ८३३, १,१११ आणि १,३८९ रुपये. कर्ज पांचपट झालें, तरी मुद्दलाचा मासिक भार दुपटीलाहि पोंचत नाहीं. आणि तो वाढतो तो फेडण्याची संवय लागल्यानंतर. वाढीव कर्जाची ही पद्धति अधिक शहाणपणाची आहे, असें आम्हांस वाटतें.

परदेशांतहि हाच अनुभव आहे. अमेरिकेंत लघुउद्योगांचें सरकारी खातें संकटकालीन कर्ज थेट स्वतःच देतें. साथीच्या काळांत त्याची मर्यादा कांहीं काळ १,५०,००० डॉलर होती. एप्रिल २०२१ मध्यें ती ५,००,००० आणि सप्टेंबर २०२१ मध्यें २०,००,००० झाली, आणि पूर्वीं कर्ज घेतलेल्यांनाहि वाढीव रक्कम मागण्याची मुभा मिळाली. धंदेवाईक ऋणकोला व्याज ३.७५ टक्के आणि मुदत तीस वर्षांची. ऐकून हेवा वाटावा असेंच हें आहे. परंतु २,००,००० डॉलरांपुढें मालकाची व्यक्तिगत जामिनकी घेतली जाई. म्हणजे मर्यादेबरोबर नकळत एक रेषा ओलांडली जात होती: धंद्याचें कर्ज घराच्या दारांत येऊन उभें राहत होतें. मे २०२२ मध्यें निधि संपला आणि वाढीव मागण्या थांबल्या. तीस वर्षांचे हप्ते मात्र राहिले.

धंद्याचें कर्ज घरांत शिरतें कोठून, हें एकत्र कुटुंबानें विशेष जाणलें पाहिजे. जुन्या हिंदु कायद्याप्रमाणें बापाचें ऋण फेडणें हें पुत्र, पौत्र आणि प्रपौत्र यांचें धर्मकर्तव्य मानलें जाई आणि न्यायालयहि तें मानीत असे. हिंदु उत्तराधिकार कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, त्यानंतरच्या कर्जांसाठीं केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलानातवांवर दावा लावण्याचा मार्ग बंद झाला. पण कायद्यानें सोडलेली गांठ आपण स्वतःच्या सहीनें पुन्हां मारतों. भाऊ म्हणतो, ‘दादा, नुसती सही हवी’. आणि दादा जामीनदार होतो. १८७२ च्या कराराच्या कायद्यानें जामीनदाराची जबाबदारी, करारांत निराळें कांहीं ठरलें नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते. ‘नुसती सही’ अशी वस्तु जगांत नाहीं.

म्हणून ज्या घरांत वाढीव कर्जाचा विचार चालू आहे तेथें कांहीं गोष्टी आधीं व्हाव्या. गेल्या वर्षांतले सर्वांत वाईट तीन महिने वहींतून काढावे आणि त्या मिळकतींतून हप्ता निघतो काय तें पाहावें. चांगल्या महिन्यांवर हप्ता ठरविणें म्हणजे श्रावणांतल्या विहिरीवरून वैशाखाचें पाणी ठरविणें होय. कर्ज माल भरण्यासाठीं आहे कीं मागची खोंच बुजविण्यासाठीं, हें एका ओळींत लिहून काढावें; दोन्हीं कारणें योग्य असूं शकतात, पण दुसऱ्यांत पैसा परत फिरून येत नाहीं. लग्नकार्य वा सण यांस त्यांतला एक रुपयाहि लावूं नये. योजना विनातारण असतां कोणी दागिने किंवा घराचे कागद मागत असेल, तर नियम लेखी दाखवा असें नम्रपणें परंतु ठामपणें सांगावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, कागदावर सही होण्यापूर्वीं ती रक्कम, मुदत आणि हप्ता घरांतल्या बायकांना सांगावा. कर्ज थकलें म्हणजे पहिल्यानें उतरतात त्या त्यांच्या हातांतल्या पाटल्या. निर्णयांत मात्र त्यांना शेवटीं बोलावलें जातें. गिरणगांवच्या खाणावळवाल्या बायकांनीं पन्नास वर्षांपूर्वीं कर्जें स्वतःच्या नांवावर घेतलीं. शिकलेल्या घरांतील स्त्रीला निदान हप्त्याचा आंकडा ठाऊक असूं नये काय?

याचा अर्थ कर्ज घेऊंच नये असा नाहीं. वेळेवर मिळालेल्या पैशानें एक मोसम वांचला तर पुढचीं दहा वर्षें वांचतात. मर्यादा वाढविण्याचे नियम झाले ते योग्यच झाले. टाळेबंदी सरकारच्या हुकुमानें झाली होती, तिचा भार एकट्या धंदेवाल्यानें कां उचलावा? मागणें एवढेंच आहे कीं, उभ्या कर्जाचे टक्के मोजणाऱ्या नियमापेक्षां फेडलेल्या कर्जाची वही वाचणारा नियम सर्वत्र यावा, आणि ज्या विक्रेत्याच्या हातीं कागद नाहीं त्याला तो मिळवून देण्याची जबाबदारी महापालिकेनें आपली मानावी. सरकार मर्यादा वाढवूं शकतें, मुदत वाढवूं शकतें, बँकेची भीति आपल्या अंगावर घेऊं शकतें. किती मागावयाचें हें मात्र ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें. आणि तें बँकेच्या खिडकीशीं उभें राहून नव्हे, तर घरांत सर्वांसमोर वही उघडून ठरवावें.